हिमनद्या कशा मोजतात? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून हिमालयात ट्रेकला आणि चारधामला जाणारी मंडळी बरीच वाढली आहेत. गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचं खालचं टोक, बघून आलेला माणूस हमखास एक प्रश्न घेऊन येतो. सैन्यातून सुटीवर आलेल्यांचे प्रश्न वेगळे असतात, आणि विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की शाळकरी मुलांचे आणखी वेगळे. तेच ते प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथं तो क्रमांक दिला आहे.

१. हिमनदी नेमकं कशाला म्हणायचं? डोंगरावर बर्फ दिसला की ती हिमनदी का?

नाही. हिवाळ्यात पडून उन्हाळ्यात विरघळून जातं ते नुसतं हिम. काही जागी उन्हाळा संपला तरी थोडं हिम शिल्लक राहतं, त्यावर पुढच्या वर्षीचं पडतं, आणि असे थर दाबले जाऊन खाली घट्ट निळसर बर्फ तयार होतो. हा बर्फ पुरेसा जाड झाला, साधारण तीसेक मीटर, की स्वतःच्या वजनानं उताराकडे सरकू लागतो. सरकू लागला की ती हिमनदी.

आकाराचीही एक अट बऱ्याच ठिकाणी पाळतात: क्षेत्रफळ निदान ०.१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबात सुमारे २५ एकर. त्याहून लहान तुकडा सहसा सरकत नाही, म्हणून त्याला यादीतून काढतात. अमेरिकेत मोंटाना राज्यात ग्लेशियर नॅशनल पार्क आहे, १९१० साली स्थापन झालेलं. तिथं १९६६ साली नाव असलेल्या ३५ हिमनद्या या अटीत बसत होत्या. २०१५ साली २६ उरल्या. बाकीच्या जागी अजून बर्फ आहे, पण तो आता या मोजणीत धरत नाहीत.

२. आपल्या कृष्णेला, घटप्रभेला हिमनदीचं पाणी येतं काय?

थेंबभरही नाही. कृष्णा महाबळेश्वरची, मलप्रभा कणकुंबीची, घटप्रभाही सह्याद्रीतलीच. सगळ्या पावसावरच्या नद्या. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णाकाठाला जे महापूर आले, ते पावसाचे आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याचे. त्या दिवसांत 'हिमालयातला बर्फ वितळल्यामुळं पूर आला' असे मेसेज मोबाइलवर फिरतात. ते थेट पुसून टाकावेत.

३. मोजणी राष्ट्रीय उद्यानातल्याच हिमनद्यांची का करतात?

तिथल्याच करतात असं नाही, पण उद्यानांचे दोन मोठे फायदे आहेत. एक म्हणजे तिथं खाणी, रस्ते, धरणं यांची लुडबुड कमी असते. हिमनदीत बदल झाला तर तो हवामानामुळं झाला असं जरा खात्रीनं म्हणता येतं. दुसरा फायदा माझ्या मते जास्त मोठा: तेच खातं, तीच जागा, तीच पद्धत, वर्षानुवर्षं. वॉशिंग्टन राज्यातल्या नॉर्थ कॅस्केड्स उद्यानात १९९३ पासून चार हिमनद्यांची मोजणी चालू आहे. अलास्कातल्या डेनालीत काहिल्टना हिमनदीची १९९१ पासून. या कामात अर्धी किंमत सातत्याची असते.

भारतात चित्र थोडं वेगळं आहे. गंगोत्री हिमनदी गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येते. पण हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमधली छोटा शिग्री ही आपली सगळ्यात बारकाईनं अभ्यासलेली हिमनदी कुठल्याही राष्ट्रीय उद्यानात नाही. तिथं पोचता येतं, तिच्यावर चालता येतं, म्हणून ती निवडली गेली. उलट नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाचा आतला भाग १९८३ पासून सर्वसामान्यांना बंद आहे. तिथं बर्फ भरपूर, पण नोंदी तुरळक.

यातली एक खोच लक्षात ठेवा. जिथं पोचणं सोपं, भेगा कमी, उतार बेताचा, तीच हिमनदी मोजणीला निवडतात. अवघड हिमनद्या मागं राहतात. ही उणीव उपग्रह भरून काढतात (प्रश्न ८ पाहा).

४. मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

माणसं वर चढून जातात आणि हिमनदीत काठ्या पुरतात. इतकं साधं आहे ते. वाफेच्या ड्रिलनं बर्फात कित्येक मीटर खोल भोक पाडायचं आणि त्यात काठी सोडायची. हिमालयात बहुतेक बांबू वापरतात, इतरत्र प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या नळ्या. काठीचं टोक बर्फाच्या वर किती आलंय ते लिहून ठेवायचं. उन्हाळाभर बर्फ वितळतो आणि काठी उघडी पडत जाते. फेब्रुवारी ते मे विहिरीच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडतात आणि पाणी किती उतरलं ते आपण पायऱ्या मोजून सांगतो, तसंच हे. मे महिन्यात काठी ५० सेंटिमीटर वर होती आणि सप्टेंबरअखेर २५० झाली, तर त्या जागी २ मीटर बर्फ गेला.

ही झाली खालच्या भागातली गोष्ट, जिथं खर्च, म्हणजे वितळणं, जास्त. वरच्या भागात जमा, म्हणजे साठणारं हिम, जास्त असते. तिथं काठी पुरून उपयोग नाही, ती हिमाखाली गडप होते. म्हणून तिथं खड्डा खणतात. गेल्या उन्हाळ्याचा थर ओळखू येतो, कारण त्यावर धूळ बसून मळकट रेघ तयार झालेली असते. त्या रेघेपर्यंत खणायचं, खोली मोजायची, आणि मग ठराविक मापाच्या नळीत हिम भरून तिचं वजन करायचं.

वजन कशासाठी? ताज्या भुसभुशीत हिमाचं एका घनमीटरचं वजन १०० किलोच्या आसपास भरतं. हिवाळाभर दबलेल्या हिमाचं ४०० ते ५००, आणि घट्ट बर्फाचं सुमारे ९०० किलो. नुसती खोली सांगून काही कळत नाही. ४०० किलो घनतेचं दोन मीटर हिम म्हणजे ०.८ मीटर पाणी, तर दोन मीटर बर्फ म्हणजे १.८ मीटर पाणी. म्हणून शेवटी सगळं पाण्याच्या उंचीत मांडतात.

सगळ्या काठ्यांचे आणि खड्ड्यांचे आकडे प्रत्येक उंचीच्या पट्ट्याला लावायचे, पट्ट्याच्या क्षेत्रफळानं गुणायचे आणि बेरीज करायची. जमेतून खर्च वजा केला की वर्षाचा ताळा निघतो. यालाच मास बॅलन्स म्हणतात. या सगळ्या कामात विज्ञान कमी आणि पाठीवर ओझं वाहणं जास्त, असं वर जाऊन आलेली माणसं सांगतात.

५. 'मास बॅलन्स उणे अर्धा मीटर' असं वाचलं. अर्धा मीटर म्हणजे काय मोठंसं?

ऐकायला थोडं वाटतं. पण तो अर्धा मीटर संपूर्ण हिमनदीवर पसरलेला असतो. एक चौरस किलोमीटरवर एक मीटर पाणी म्हणजे १० लाख घनमीटर, अर्थात १०० कोटी लिटर.

आपल्याकडं धरणाचा हिशेब टीएमसीत कळतो, तर त्यातच बघू. छोटा शिग्रीचं क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा चौरस किलोमीटर. २००२ पासूनच्या नोंदींची सरासरी काढली तर ती दरवर्षी अर्ध्या मीटरच्या जरा आत गमावते. म्हणजे वर्षाला सत्तरेक लाख घनमीटर, साधारण पाव टीएमसी. हिडकल धरण ५१ टीएमसीचं आहे. त्यापुढं पाव टीएमसी किरकोळ वाटेल, पण ही एक मध्यम हिमनदी, आणि ही फक्त तूट आहे. दरवर्षी पडणारं आणि वितळणारं पाणी यात धरलेलंच नाही.

जगभरच्या दोन लाखांहून जास्त हिमनद्यांचा असाच हिशेब उपग्रहांवरून २०२१ साली प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या काळात त्यांनी मिळून दरवर्षी सरासरी २६७ अब्ज टन बर्फ गमावला. टीएमसीत सांगायचं तर नऊ हजारांहून जास्त.

६. गोमुख किती मागं सरकलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जे. बी. ऑडेन यांनी १९३५ साली गोमुखाचा नकाशा केला. तेव्हापासूनच्या नोंदी आहेत. विसाव्या शतकात सरासरी वर्षाला साधारण २० मीटर, आणि १९३५ पासून आजवर एकूण दीड किलोमीटरहून अधिक अंतर. अलीकडच्या काही दशकांत हा वेग पूर्वीपेक्षा कमी झालेला दिसतो.

इथंच गोंधळ सुरू होतो. 'वेग कमी झाला म्हणजे गंगोत्री सावरली' असं काही जण सांगतात. तसं नाही. पुढचा प्रश्न त्यासाठीच आहे.

७. मग टोक किती मागं गेलं ते बघायचं की बर्फ किती पातळ झाला ते?

पातळ किती झाला ते. सगळ्या उत्तरांतलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

गंगोत्री हिमनदी ३० किलोमीटर लांब आहे. वरच्या भागात आज जो बदल झाला तो टोकापर्यंत पोचायला कित्येक दशकं लागतात. आज गोमुखाशी जे दिसतं, त्यात बऱ्याच जुन्या हवामानाचा वाटा आहे. शिवाय टोक एकाच जागी राहूनही मागचा सगळा बर्फ खचत जाऊ शकतो, खास करून वर दगडगोट्यांचं पांघरूण असेल तर (प्रश्न १४). काही वर्षं टोक जागचं हलत नाही, मग एखाद्या वर्षी मोठा कडा कोसळतो आणि एकदम पन्नास मीटर मागं गेलेलं दिसतं. वर्तमानपत्राला असा आकडा आवडतो, कारण त्याचा फोटो निघतो. जाडीचा फोटो निघत नाही.

८. आता उपग्रह आहेत. माणसांनी जीव धोक्यात घालून वर कशाला जायचं?

उपग्रहांनी हे शास्त्र बदलून टाकलं, यात शंका नाही. लँडसॅट मालिकेची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून कुणालाही फुकट मिळतात. त्याआधीची हवी असतील तर अमेरिकेच्या कोरोना या हेर उपग्रहांची १९६० च्या दशकातली छायाचित्रं १९९५ साली खुली झाली. रशियावर नजर ठेवायला काढलेले फोटो आज हिमालयाच्या हिमनद्या मोजायला वापरतात. २०१८ साली सोडलेला आइससॅट-२ लेझर टाकून पृष्ठभागाची उंची मोजतो.

पण उपग्रहाला काही गोष्टी दिसत नाहीत. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, जवळपास नऊ गुंठे. २५ एकरांची हिमनदी म्हणजे जेमतेम ११० ठिपके, त्यातही कडेचे अर्धे बर्फाचे नि अर्धे खडकाचे. पावसाळ्यात ढग. ताजं हिम पडलं असेल तर हिमनदीची कड कुठली नि शेजारचा उतार कुठला, कळत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण घनतेची: उपग्रह उंची सांगतो, वजन सांगत नाही. उंची पाच मीटर कमी झाली तर किती पाणी गेलं, ते घनता धरूनच काढावं लागतं. ती धरलेली घनता बरोबर आहे की नाही, याची पडताळणी प्रश्न ४ मधल्या काठ्या-खड्ड्यांवरूनच होते.

९. हे काम करतं तरी कोण? आपल्या जवळपास कुणी आहे का?

आहे, आणि तेही चोर्ला घाट उतरल्यावर. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकाच्या मोहिमांमुळं ते ठाऊक असतं, पण स्पितीतलं 'हिमांश' हे चार हजार मीटरहून उंचावरचं संशोधन ठाणंही त्यांचंच, २०१६ साली सुरू झालेलं. बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेच्या दिवेचा केंद्रात हिमनद्यांवर काम चालतं. डेहराडूनची वाडिया संस्था, भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ ही इतर मोठी नावं.

जगभरचे आकडे झुरिकमधल्या जागतिक हिमनदी निरीक्षण सेवेकडं जमा होतात. देशोदेशींच्या नोंदी एकत्र करण्याची ही परंपरा १८९४ पासूनची आहे. आइसलँडमध्ये तर १९३० पासून स्वयंसेवक टेप घेऊन हिमनद्यांची टोकं मोजत आले आहेत, आणि त्यात गावचे शेतकरीही आहेत. मला या सगळ्यात तेच सर्वांत आवडतं.

१०. वर्षातून केव्हा मोजतात?

सहसा दोनदा. हिवाळ्याची जमा पूर्ण झाली की एप्रिल-मे मध्ये, आणि उन्हाळ्याचा खर्च आटोपला की सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. म्हणून हिमनदीचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं.

उत्तराखंडात हे गणित थोडं बिघडतं. तिथल्या हिमनद्यांना पावसाळ्यातही वरच्या भागात हिम मिळतं. म्हणजे खाली वितळणं आणि वर साठणं एकाच वेळी चालू असतं. जमा आणि खर्च वेगळे काढणं अवघड होतं, आणि वर्षाच्या ताळ्यावरच भागवावं लागतं.

११. यंदा हिमालयात भरपूर बर्फ पडला म्हणे. मग हिमनद्या सावरल्या ना?

एका वर्षानं काही ठरत नाही. चांगल्या हिवाळ्यानंतर कडक उन्हाळा आला की जमा झालेलं सगळं जातं. हवामानाचा कल सांगायला तीसेक वर्षांची नोंद लागते. भारतात इतकी सलग नोंद असलेल्या हिमनद्या अगदी मोजक्या, म्हणून आहे त्या मोजणीत खंड पडला की जाणकार हळहळतात.

१२. काही हिमनद्या पुढं सरकताहेत असं वाचलं. मग तापमानवाढ खोटी का?

काही खरंच पुढं सरकतात, आणि त्याची कारणं निरनिराळी आहेत.

डेनाली उद्यानातली मल्ड्रो हिमनदी २०२१ साली अचानक दिवसाला १० ते २० मीटर वेगानं धावू लागली. एका वैमानिकाला ती वरून भेगाळलेली दिसली. याआधी असं १९५६-५७ साली झालं होतं. काही हिमनद्यांच्या तळाशी पाणी कोंडत जातं, आणि एके दिवशी तो सगळा बर्फ त्या पाण्यावरून घसरतो. यात नवीन बर्फ आलेला नसतो. वरचा खाली आला, एवढंच. खाली ऊब जास्त असल्यामुळं पुढं तो लवकर वितळतो.

अलास्कातल्याच ग्लेशियर बे उद्यानात जॉन्स हॉपकिन्स ही समुद्रात उतरणारी हिमनदी पुढं सरकलेली आहे. पण त्याच खाडीत १७९४ साली जवळपास तोंडापर्यंत बर्फ होता. आज तो शंभरेक किलोमीटर मागं गेला आहे. समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांचं पुढं-मागं होणं पाण्याची खोली आणि तळाच्या गाळावरही ठरतं, म्हणून एकीकडं बोट दाखवून काही सिद्ध होत नाही. तिसरं कारण काराकोरमचं, ते पुढच्या प्रश्नात.

१३. माझा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, सियाचीनला होता. तो म्हणतो तिथं बर्फ काही कमी झालेला नाही. कुणाचं खरं?

दोघांचंही. बेळगावात रेजिमेंटचं केंद्र असल्यामुळं हा प्रश्न आमच्याकडं इतर कुठल्याही शहरापेक्षा जास्त येत असणार.

सियाचीन सत्तर किलोमीटरहून लांब आहे आणि काराकोरमच्या रांगेत येते. काराकोरम हा जगातला अपवाद मानला गेला आहे. बाकी हिमालयातल्या हिमनद्या झपाट्यानं आटत असताना तिथल्या बऱ्याचशा जवळपास जैसे थे राहिल्या, काही तर वाढल्या. तिथं हिम मुख्यतः हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांतून पडतं आणि उन्हाळे फारसे तापले नाहीत, हे त्याचं मुख्य कारण सांगतात. अलीकडच्या मोजण्यांत मात्र तिथलीही स्थिरता ढळू लागलेली दिसते.

भावानं जे पाहिलं ते खरं आहे. फक्त एका चौकीवरून दिसणारा बर्फ आणि सगळ्या हिमनदीचा ताळा या वेगळ्या गोष्टी, आणि काराकोरमवरून अख्ख्या हिमालयाचं अनुमान काढता येत नाही.

१४. गोमुखाजवळ तर सगळे दगडच दगड. बर्फ कुठं आहे?

त्याच्याच खाली. हिमालयातल्या पुष्कळ हिमनद्यांचा खालचा भाग कड्यांवरून पडलेल्या दगडमातीनं झाकलेला असतो. थर एक-दोन सेंटिमीटरचा असेल तर तो ऊन शोषून बर्फ जास्तच वितळवतो. अर्धा मीटर असेल तर उन्हापासून वाचवतो. त्यामुळं झाकलेलं टोक फारसं मागं न जाता मधला भाग खचतो, जागोजागी तळी दिसू लागतात. काठ्या पुरायलाही दगड आडवे येतात. अशा हिमनदीबद्दल नुसता टोकाचा आकडा कुणी सांगितला तर जाडीचा आकडा मागा.

१५. मोंटानातल्या उद्यानात '२०२० पर्यंत हिमनद्या संपतील' अशा पाट्या होत्या आणि नंतर काढल्या. शास्त्रज्ञ फसवतात का?

पाट्या होत्या, हे खरं. त्या २०२० साली बदलल्या, हेही खरं. हिमनद्या त्या वर्षी संपल्या नाहीत. तो अंदाज एका संगणकीय प्रारूपावर आधारलेला होता. पुढच्या काही हिवाळ्यांत जास्त हिम पडलं आणि तारीख चुकली. पण आकडे बघा: १९६६ साली ३५, २०१५ साली २६. दिशा चुकली नव्हती, तारीख चुकली.

आपल्याकडचं उदाहरण याहून वाईट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील असं छापून आलं. त्याला पुरेसा आधार नव्हता, आणि जानेवारी २०१० मध्ये समितीनं ते जाहीरपणे मान्य केलं. आजही व्हॉट्सॲपवर २०३५ हे साल फिरतं. पाटीवर ठळक साल लिहिणं हा मोह आहे, आणि त्यानं विषयाचं नुकसानच होतं असं माझं मत. अलास्कातल्या एक्झिट ग्लेशियरची पद्धत मला जास्त पटते: हिमनदीचं टोक कुठल्या साली कुठं होतं, त्या जागी फक्त त्या सालाची पाटी. पुढं काय होणार याबद्दल एक अक्षर नाही.

१६. बर्फ वितळला तर नद्यांना पाणी वाढेल. मग चांगलंच की?

काही वर्षं वाढतं. मग वितळायला बर्फच कमी उरतो, आणि पाणी कमी होत जातं. हिमालयातल्या बऱ्याच खोऱ्यांत हा कळस या शतकाच्या मध्याच्या सुमारास येईल असा अंदाज आहे. काठमांडूच्या इसिमोड संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांनी २०११ ते २०२० मध्ये आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगानं बर्फ गमावला.

१७. चमोलीत, केदारनाथला 'हिमनदी फुटली' म्हणतात. ते काय असतं? मोजणीनं ते टळतं का?

तीन वेगळ्या घटना एकाच नावाखाली सांगितल्या जातात. केदारनाथला जून २०१३ मध्ये अतिवृष्टी झाली आणि चोराबारी हिमनदीजवळचं तळं फुटलं. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ ल्होनाक हे हिमतळं फुटलं आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. चमोलीत ७ फेब्रुवारी २०२१ ला मात्र कुठलंही तळं फुटलं नव्हतं. रोंटी शिखराचा एक अजस्र तुकडा, खडक आणि त्यावरचा बर्फ, सुमारे २.७ कोटी घनमीटर, तुटून दरीत कोसळला. त्यात बर्फापेक्षा खडकच जास्त होता.

काठ्या पुरून यातलं काही टळत नाही. तळी वाढताहेत का, यावर उपग्रहानं नजर ठेवता येते, आणि साउथ ल्होनाक धोक्याचं आहे हे फुटण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. माहीत असणं आणि खालच्या गावात वेळेवर भोंगा वाजणं यात बरंच अंतर आहे.

१८. हिमनदी 'मेली' असं कधी ठरवतात?

सरकणं थांबलं की. आइसलँडमधल्या ओक हिमनदीला २०१४ साली यादीतून वगळलं आणि २०१९ साली तिथं स्मृतिफलक बसवला. व्हेनेझुएलातल्या सिएरा नेवाडा राष्ट्रीय उद्यानातली हंबोल्ट ही त्या देशाची शेवटची हिमनदी. तिचा आकार दोन हेक्टरांच्याही आत आला, आणि २०२४ साली तिला नुसतं हिमक्षेत्र ठरवण्यात आलं.

१९. आम्ही गोमुखला जाणार आहोत. फोटो काढून काही मदत होईल का?

होऊ शकते, पण सेल्फीनं नाही. मोंटानात १९९७ पासून जुने फोटो शोधून, त्याच जागी उभं राहून नवे काढण्याचं काम चालू आहे. तुम्हालाही जुना फोटो सापडला, अगदी काकांनी तीस वर्षांपूर्वी काढलेला का असेना, तर त्यातला एखादा न हलणारा खडक ओळखा. तो चौकटीत त्याच जागी येईल असं उभं राहा. झूम करू नका. तारीख आणि मोबाइलमधले अक्षांश-रेखांश लिहून ठेवा. सप्टेंबरअखेर सगळ्यात चांगली वेळ, कारण ताजं हिम नसतं.

परवान्याशिवाय जाता येत नाही, आणि दिवसाला १५० जणांनाच सोडतात. गंगोत्रीपासून १८ किलोमीटरची चाल आहे. ड्रोन नेऊ नका, राष्ट्रीय उद्यानात त्याला वेगळी परवानगी लागते. गोमुखाच्या अगदी तोंडाशी जाऊ नका, वरून बर्फाचे ढिगारे न सांगता पडतात. कुणी नेतो म्हणालं तरी नाही.

२०. शाळेच्या प्रकल्पासाठी बेळगावात बसून काय करता येईल?

थर्माकोलचा डोंगर करू नका, तो दरवर्षी कुणीतरी आणतंच. त्यापेक्षा खरी मोजणी करा. उपग्रहाच्या चित्रावर कड आखून क्षेत्रफळ काढायची पद्धत आधी राकसकोप जलाशयावर वापरून बघा: लँडसॅटची दहा-पंधरा वर्षांची चित्रं घ्या, प्रत्येक वर्षीचं एकाच महिन्यातलं. एप्रिल धरा, जून ते सप्टेंबर आपल्याकडं ढगांमुळं वाया जातो. पाण्याची कड आखा आणि क्षेत्रफळ काढा. हात बसला की गंगोत्री नको, ती दगडांखाली आहे. एखादी उघडी, पांढरी हिमनदी घ्या आणि तिची चित्रं सप्टेंबरची घ्या.

कड दोन मुलांनी एकमेकांचं न बघता आखावी. दोघांचे आकडे जुळणार नाहीत. तो फरक खोडू नका, तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहा. दोन वर्षांमधला बदल त्या फरकापेक्षा लहान निघाला, तर 'बदल सांगता येत नाही' असं लिहायचं, आणि परीक्षकांनी विचारलं तर तेच सांगायचं.